ताईआत्याचा चांदखेकडा

न्हाणीघरातल्या घंगाळात आधी वाकून बघायचं आणि मगच तांब्या बुडवायचा, ही सूचना आमच्या पनवेलच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला द्यावी लागे. ते काम माझ्याकडे होतं. पाहुणा दारात चपला काढतोय तोच मी म्हणायची, "डाव्या हाताच्या घंगाळाला हात लावू नका, त्यात आत्याचे खेकडे आहेत." काही पाहुणे हसत, काहींना वाटे मुलगी वाह्यात आहे. आईचे एक मामा ऐकलं न ऐकलंसं करून आत गेले आणि अंगठ्याला पंचा गुंडाळून लंगडत बाहेर आले, ते पुन्हा कधी आमच्याकडे उतरले नाहीत. आई त्यावरून ताईआत्याला कितीतरी वर्षं टोचत होती. ताईआत्याचं त्यावर एकच उत्तर असे: "घंगाळ काय पाय घालायला असतं?"

ताईआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा विषमज्वराने गेला. सासरी तिचं असं कुणी उरलं नाही, म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला परत आणलं. आणून नुसतं स्वयंपाकघरात बसवलं नाही, मुंबईला कॉलेजात घातलं. त्यावरून नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली म्हणे, पण दादा मामलेदार कचेरीतले कारकून असले तरी घरच्या बाबतीत फार ठाम होते. ताईआत्या प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पनवेलच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागली, आणि इथवर सगळं एखाद्या आदर्श गोष्टीसारखं झालं. पुढे तिने खेकडे घरात आणले. दादा तिला तोंडावर कधी काही बोलले नाहीत. पण मी मॅट्रिकच्या वर्गात गेले आणि मुंबईला चित्रकला शिकायला जायचं म्हणू लागले, तेव्हा त्यांनी घंगाळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "एक शिकवली तेवढी पुरे झाली."

म्हणजे बघा. खेकडे तिचे, आणि भोगायचं मी.

तिला साधे खेकडेही चालत नसत. साधे असते तर आईने केव्हाच कालवण करून प्रश्न मिटवला असता. ताईआत्याला हवा असे तो एकच, समुद्राकाठच्या वाळूत राहणारा. लहानसा, तळहातावर मावेल एवढा, पाठ जवळजवळ वाटोळी, फिकट पिवळसर, आणि त्या पाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब काटा. इंग्रजीत त्याला चंद्राचा खेकडा म्हणतात, म्हणून आमच्याकडे तो चांदखेकडा झाला. हे नाव आमच्या घराबाहेर कुणी वापरत असेल असं मला वाटत नाही. त्याची खरी खूण पायांत होती. आपण खातो त्या चिंबोरीचे पाय टोकाला अणकुचीदार असतात, फक्त शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी. चांदखेकड्याचे चालायचे सगळेच्या सगळे पाय चपटे, आठही वल्ही. त्यांनी तो पोहतोही आणि वाळूही उकरतो. वाळूवर ठेवला की मागच्या मागे असा काही खाली जातो की बघता बघता नुसते डोळे वर उरतात. हे मला अजून पाठ आहे, कारण शेजारच्या मुली सागरगोटे खेळत असताना मी हे ऐकत बसलेली असे.

त्याच्या शास्त्रीय नावावरून तर एकदा जेवताना वाद झाला. ताईआत्या सांगत होती की या कुळाचं नाव माटूटा, आणि माटूटा ही रोमन लोकांची पहाटेची देवी. आई वाढत होती. ती म्हणाली, "परवा तर चंद्र म्हणालात, वन्सं."

"चंद्र ते बोलीतलं नाव. शास्त्रातलं नाव पहाटेच्या देवीचं."

"चंद्र तरी म्हणा नाहीतर पहाट तरी म्हणा. आणि काय ते एकदा ठरलं की ते घंगाळ मला परत द्या."

दर रविवारी ताईआत्या मला घेऊन उरणच्या गाडीला बसायची. मला घेऊन म्हणजे मी आणि रॉकेलचा रिकामा डबा. जाताना डबा रिकामा असे, येताना त्यात खारं पाणी, वाळू आणि खेकडे. एस.टी.चा कंडक्टर दर वेळी विचारायचा, "बाई, काय आहे डब्यात?" आणि ताईआत्या दर वेळी खरं सांगायची. 'पाणी' म्हणून वेळ मारून न्यावी हे तिला आयुष्यात सुचलं नाही. मग वाद, मग डबा टपावर की पायाशी यावर चर्चा, मग सगळ्या गाडीने माझ्याकडे बघणं. गव्हाणच्या पुढे रस्ता असा होता की पाणी हिंदकळून माझ्या परकराचा काठ भिजायचा, आणि सोमवारी शाळेत माझ्याजवळ बसणारी मुलगी नाक मुरडायची. उरणला उतरून आम्ही आधी वाळूवर जायचो आणि मग करंजाला, कारण तिथे होड्यांतून आलेल्या मासळीतही ताईआत्याला हवे ते खेकडे मिळत. लिलाव चाललेला असायचा, ओल्या पाट्या पायाशी, बोंबील वाळत घातलेल्या काठ्या डोक्यावर, आणि त्या सगळ्या गलबल्यात माझी पदवीधर आत्या टाकून दिलेल्या ढिगाऱ्यापाशी उकिडवी बसून एकेक खेकडा उलटा करून बघत असायची.

सोनाबाय नावाची एक कोळीण तिथे बसायची. ताईआत्या नेमकी तिच्या पाटीच्या आणि गिऱ्हाइकांच्या मधे बसे. सोनाबाय पहिल्यांदा समजावून सांगायची, "बाय, ही कोन खात नाय गो. निस्ती कवटी नि पाय. आमी टाकून देताव." ताईआत्या म्हणायची, "मला खायचा नाही." मग सोनाबाय माझ्याकडे बघून म्हणायची, "मंग घरान काय पाटावर बसवता काय त्याला?" मला तिच्याशी भांडता येत नसे, कारण माझंही मत तेच होतं.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं, तेही सांगते. पाठीवर बारीक तांबूस ठिपके असतात, आणि ताईआत्याच्या लक्षात आलं होतं की काही खेकड्यांवर ते ठिपके मोकळे विखुरलेले असतात आणि काहींवर ते एकापुढे एक जोडले जाऊन जाळीसारख्या रेघा होतात. कॉलेजातल्या तिच्या प्रोफेसरांनी शिकवलं होतं की हा एकच खेकडा, वयाने नक्षी बदलते. ताईआत्याला ते पटत नव्हतं. तिचं म्हणणं, पिल्लांवरही जाळी दिसते आणि म्हाताऱ्यांवरही मोकळे ठिपके दिसतात, तेव्हा या दोन वेगळ्या जाती आहेत. हे सिद्ध करायला चित्रं हवी होती, आणि माझा हात चांगला होता. झालं. शाळेतून आलं की हातपाय धुऊन, कपभर चहा आणि मूठभर पोहे खाऊन मी पडवीत बसायची आणि खेकड्याच्या पाठीवरचे ठिपके कागदावर उतरवायची. अंदाजे काढलेले चालत नसत. ताईआत्या भिंग घेऊन कागद तपासायची. "विमे, इथला एक ठिपका कुठे गेला?" "एका ठिपक्याने काय बिघडतं, आत्या?" "तुझं चित्र काढलं आणि त्यात नाक राहून गेलं तर काय बिघडतं? जेवढं दिसतं तेवढं काढ. जास्त नाही, कमी नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आज कुणी उच्चारलं तरी माझ्या मानेत उसण भरते.

पडवीत बसलं की समोरच्या बाजूने लोहारांचे घण ऐकू यायचे. पनवेलची बैलगाडीची चाकं लांबलांब जात, आणि चाकाला लोखंडाची धाव चढवताना तापलेल्या लोखंडावर पाणी ओतलं की जो चर्र आवाज होई, तो आमच्या आळीचा नेहमीचा आवाज होता. त्यात भात सडणाऱ्या गिरणीची धडधड, बंदराकडून येणाऱ्या मिठाच्या गाड्यांचे घुंगरू, आणि या सगळ्याच्या तळाशी घंगाळाच्या पितळेवर खेकड्यांच्या पायांची खरखर. आई वालाचं बिरडं करायला घ्यायची, भिजलेले कडवे वाल सोलायला मलाही बोलवायची, आणि ताईआत्या पडवीतून ओरडायची, "तिचे हात ओले करू नका, वहिनी, चित्र चाललंय." आई म्हणायची, "मग बिरड्यात ठिपके घालू का?" दोघींच्या मधे मी. सोडे घातलेली वांगी, कोकमाचं सार, नारळाच्या रसातली कोलंबी असं उत्तम जेवण त्या घरात होत असे, आणि ते सगळं मी खाऱ्या वाळूच्या वासात जेवलेय.

आज मी खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहते. नातसून मला कौतुकाने सांगते, "आजी, तुमचं बालपण किती निसर्गात गेलं."  निसर्ग रॉकेलच्या डब्यातून गाडीत मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला काय वाटतं, हे तिला समजावायला मला फार वेळ लागेल.

मॅट्रिकची परीक्षा होऊन मी मोकळी झाले त्या उन्हाळ्यात तो दगड आला. ताईआत्याच्या वर्गात गव्हाणची एक मुलगी होती, शेती आणि मिठागर असलेल्या घरातली. तिचे वडील, हिराजी, घराजवळ विहीर खणत होते. निळ्या चिखलाच्या थरात त्यांना बटाट्याएवढे दगडी गोळे लागले, आणि एक गोळा पहारीने फुटला तेव्हा आत खेकडा दिसला. दगडाचा खेकडा. मुलीने तो रुमालात बांधून बाईंना आणून दिला. ताईआत्या त्या दिवशी शाळेतून घरी आली ती जवळजवळ धावत. पडवीत बसून तिने रुमाल सोडला, आणि मी आजही कबूल करते, की क्षणभर मीही श्वास रोखला. दगडाच्या अर्ध्या भागात एक लहान वाटोळी पाठ होती, आणि तिच्या मागे चपटा, वल्ह्यासारखा एक पाय, इतका स्पष्ट की हलेलसं वाटावं. दोन्ही कडा मात्र फुटलेल्या होत्या.

"माटूटा," ताईआत्या म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "जावा बेटाकडे दगडात याचे पूर्वज सापडलेत, विमे. आपल्या इथे, आपल्या खाडीत कुणी पाहिलेला नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही गव्हाणला. हिराजींनी बसायला पाट दिला, ताक दिलं, आणि ताईआत्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचं म्हणणं होतं की विहीर खाली न नेता त्याच थरात आडवी खणावी. हिराजी म्हणाले, "बाई, मना पानी पायजे, तुमाला चिंबोरी पायजे. आडवी इहीर आमी कुठं बगली नाय." ताईआत्या तासभर बसली. शेवटी त्यांनी चिखलातले आणखी चार गोळे हातात दिले, ते फोडले तर आत नुसता चिखल. परत येताना गाडीत ते गोळे माझ्याच मांडीवर.

मग सुरू झाला तो उन्हाळा. त्याच दिवसांत मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेत प्रवेशासाठी नमुन्याची चित्रं न्यायची होती. घंगाळाकडे बोट दाखवण्यापलीकडे दादांनी साफ नाही असं म्हटलं नव्हतं, आणि मला फळं, भांडी, माणसांचे चेहरे काढून तयार राहायचं होतं. त्याऐवजी मी शिवणाच्या सुईने दगडातला चिखल कोरत होते. सुईचं टोक मोडलं की ताईआत्या दुसरी सुई द्यायची. आईच्या डब्यातल्या सगळ्या सुया संपल्या. आंब्यांचे दिवस गेले, आमरसाचे हात कागदाला लागतील म्हणून मला फोडी खायला मिळत. दादा कचेरीतून आले की टोपी खुंटीला लावता लावता विचारायचे, "निघाला का बाहेर?" जसं काही खेकडा आतून दार उघडणार होता.

चिखल कोरता कोरता त्या चपट्या पायाच्या पुढचा पाय हळूहळू मोकळा झाला, आणि तो मला चपटा दिसेना. तो बारीक होता, टोकाकडे निमुळता होत गेलेला. मी दोन दिवस गप्प राहिले. चिखल उरला असेल, माझी चूक असेल, असं मनाला सांगितलं. मग चित्रात तो दिसला तसा काढला.

ताईआत्याने भिंग धरलं. दगड उजेडाकडे धरून पुढचा पाय चित्राशी ताडून बघितला. मग म्हणाली, "याची चपटी कड तुटलीय. तुटक रेघेने पुरी कर."

"तुटलेली दिसत नाही, आत्या. टोकापर्यंत शाबूत आहे."

"दगडात लाखो वर्षं पडलेली वस्तू तुला शाबूत दिसते? आणि बाजूचा काटाही तुटक रेघेने दाखव. इथे असणार तो."

"असणार म्हणजे? दिसत नाही ना?"

"विमल, मी सांगते तसं कर."

माझ्या अंगाची लाही झाली. चार वर्षं एकेका ठिपक्यासाठी माझ्या संध्याकाळी खाल्ल्या होत्या या बाईने, आणि आता नसलेला काटा काढ म्हणत होती. मी पेन्सिल खाली ठेवली. "मी काढणार नाही. तुम्हीच शिकवलंय. जेवढं दिसतं तेवढंच." आणि उठून आईकडे वाल सोलायला गेले. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडवीकडे, आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

ताईआत्या माझ्याशी बोलेनाशी झाली. एका घरात राहून, एका पंगतीला बसून, तिने माझ्याशी बोलणं आईमार्फत सुरू केलं. "वहिनी, तिला म्हणावं भिंग कुठे ठेवलंय." मी हाताशीच बसलेली असे. आई म्हणायची, "मला मीठ आणायचंय, माझ्यामार्फत खेकड्यांचं टपाल नको." अशात प्रोफेसरांचं कार्ड आलं की येत्या रविवारी येतो, दगड पाहतो. ताईआत्याने त्यांना आधीच लिहून ठेवलं होतं. घरात धावपळ सुरू झाली. न्हाणीघर मोकळं झालं, खेकडे मागच्या अंगणात गेले, दादांनी खुर्ची मागून आणली, आणि आईने ठरवलं की मुंबईच्या पाहुण्याला चिंबोऱ्यांचंच कालवण द्यायचं, भरलेल्या, खाडीतल्या ताज्या. मी चित्र अपुरंच सोडलं होतं. त्यात तुटक रेघ नव्हती. नंतर ताईआत्याने ते कपाटावर ठेवलं होतं; ती रेघ तिने स्वतः काढली का, हे बघायची माझी इच्छा नव्हती.

प्रोफेसर दिसायला गोरे, गुबगुबीत, फार गोड बोलणारे गृहस्थ होते. गाडीतून उतरून घरी येईपर्यंत त्यांना उन्हाचा इतका त्रास झाला होता की आधी पन्हं, मग पंखा, मग थोडं आडवं होणं, यातच दुपार झाली. शेवटी पाटावर बसायच्या आधी पाच मिनिटं त्यांनी दगड हातात घेतला. मी पडवीच्या खांबापाशी उभी होते. त्यांनी तो एकदा उलटा केला, एकदा सुलटा, मागच्या चपट्या पायावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा. वल्हं अगदी सुरेख. तुम्ही म्हणताय तर माटूटाच असणार, बाई. मी माझ्या पुढच्या लेखात याचा उल्लेख करतो. तुमचं नाव घालू की. पनवेलचा पहिला." आणि दगड दादांच्या हातात देत त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून वास घेतला. "चिंबोऱ्या वाटतं?"

दादांचा चेहरा उजळला. आई दारात आली होती, तिनेसुद्धा पदर सावरला. मला खांबावर डोकं आपटावंसं वाटलं. या एका वाक्यासाठी ती बाई किती वर्षं खपली होती, आणि ते तिला असं मिळालं होतं, जाता जाता तोंडात टाकलेल्या बडीशेपेसारखं. मी ताईआत्याकडे बघितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं.

ती म्हणाली, "सर, तुम्ही पुढचा पाय बघितला नाही."

"कुठला?"

"वल्ह्याच्या पुढचा. तो चपटा नाही." तिने कपाटावरून माझं चित्र काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यात तुटक रेघ नव्हती. "हे माझ्या भाचीने काढलंय. पाय टोकापर्यंत शाबूत आहे आणि टोक अणकुचीदार आहे. माटूटाचे सगळे पाय चपटे हवेत. हा माटूटा नाही. ही चिंबोरी आहे. लहान आहे म्हणून वाटोळी दिसते."

प्रोफेसरांनी चित्र बघितलं, दगड पुन्हा मागून घेतला, आणि त्यांचा गोडवा जरा कमी झाला. "मग बाई, तुम्हीच तर लिहिलं होतंत की माटूटा आहे. चिंबोरीसाठी मला एवढ्या उन्हात कशाला बोलावलंत?"

"मला वाटलं, तुम्ही मला अडवाल," ताईआत्या म्हणाली.

 बाहेर लोहारांचे घण रविवार म्हणून बंद होते. प्रोफेसर एकदा खाकरले, मग म्हणाले, "असो, असो, शास्त्रात असं व्हायचंच," आणि पाटावर बसले. ते व्यवस्थित जेवले. कालवण दोनदा घेतलं, आईची तारीफ केली, चिंबोरीचा नांगा दाताने फोडताना दादांशी कचेरीतल्या बदल्यांबद्दल बोलले. ताईआत्याने मधेच एकदा ठिपक्यांचा आणि जाळीचा विषय काढला. ते म्हणाले, "वयाने, बाई, वयाने. तुम्हाला मी वर्गात सांगितलंय." आणि भात मागितला. चारच्या गाडीने ते गेले. दगड तिथेच पाटाजवळ राहिला.

पंगत उठली तरी ताईआत्या जेवायला आली नाही. मागच्या अंगणात खेकड्यांच्या घंगाळापाशी पायरीवर बसून राहिली. आईने भांडी गोळा केली, ओटा पुसला, आणि मग एक ताट वाढून स्वतः तिकडे घेऊन गेली. मी दाराआड होते. आई तिच्याजवळ पायरीवर बसली. माझी आई ताईआत्याशेजारी अशी नुसती बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"वन्सं," आई म्हणाली, "दगडातली ती आणि कढईतली ही एकच का?"

"एकच."

"म्हणजे तेव्हाही इथे चिंबोऱ्या होत्या."

"होत्या."

"बरं झालं. मग जेवा."

ताईआत्याने ताट घेतलं. आधी ती भात नुसता कालवत राहिली. आई उठली नाही. कालवण गार होतंय असंही म्हणाली नाही. मग ताईआत्या सावकाश जेवली, नांगे फोडून, रस चोखून, अगदी शेवटच्या पायापर्यंत.

त्या संध्याकाळी दादा ओटीवर पान जुळवत होते तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "विमल मुंबईला जाणार चित्रकलेला. तिची राहायची सोय मी माझ्या मैत्रिणीकडे लावते."

दादा म्हणाले, "ताई, आपण यावर नंतर बोलू."

"नंतर काय बोलायचंय? मला शिकवलंस त्याचा तुला पस्तावा झालाय, ते मला माहीत आहे. मला ऐकू येतं. पण आज मी खोटी पडता पडता वाचले ती तिच्या हातामुळे. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस."

दादा पुष्कळ वेळ सुपारी कातरत राहिले. गरज होती त्याहून कितीतरी जास्त सुपारी कातरली गेली. मग म्हणाले, "पस्तावा नाही झाला. घंगाळाचं तेवढं बघ." त्यांची संमती इतक्याच शब्दांत आली आणि त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. नमुन्याची चित्रं म्हणून मी फळं आणि भांडी नेलीच, पण ताईआत्याने हट्टाने त्यात खेकड्यांची पाच-सहा घातली. मला लाज वाटत होती. परीक्षक ती चाळताना थांबले, हे खरं आहे. पुढे मी आयुष्यभर वैद्यकीय पुस्तकांसाठी हाडं, स्नायू आणि शिरा काढल्या आणि त्यावर माझं पोट चाललं.

ताईआत्याच्या ठिपक्यांचं काय झालं, असं कुणी विचारलं तर माझा अजून संताप होतो. ती गेल्यावर पुष्कळ वर्षांनी एका तरुण संशोधक मुलीशी माझी ओळख झाली. मी सहज विचारलं. ती म्हणाली, "मोकळ्या ठिपक्यांचा आणि जाळीचा? त्या दोन वेगळ्याच जाती आहेत, आजी. आता त्यात काही वाद नाही. दोघींना कितीतरी आधीपासून वेगळी नावं होती, मधे लोकांनी उगीच घोळ घातला होता." म्हणजे माझ्या आत्याचं खरं होतं, आणि ते खरं असल्याचं कुठल्या तरी पुस्तकात तेव्हाही छापलेलं होतं, आणि ते पुस्तक पनवेलपर्यंत पोचलं नाही. ज्यांच्यापर्यंत पोचलं असणार ते भात मागत होते.

प्रोफेसर गेले त्याच्या पुढच्या रविवारी मला उशिरा जाग आली. अंगणात डबा नव्हता. स्वयंपाकघरात विचारलं तर आई म्हणाली, "वन्सं गेल्या पहिल्या गाडीने." "एकट्याच?" "तुला उठवू नको म्हणाल्या. म्हणाल्या, तिची तिची चित्रं काढू दे आता."

चार वर्षं मी या रविवारची वाट बघितली होती. मी तोंड धुतलं, चहा घेतला, पडवीत कागद पसरून बसले. समोर कुंडी होती, ती काढायला घेतली. दोन रेघा मारल्या आणि खोडल्या. मग आईचा तांब्या घेतला. तोही जमेना. खारं पाणी सांडलेलं नव्हतं, कुणी भिंग घेऊन मागे उभं नव्हतं, घर स्वच्छ आणि शांत होतं, आणि मला इतका राग आला होता की कशाचा ते कळेना. दुपारी जेवणं झाली. आई म्हणाली, "जरा पड." मी पडले नाही. उरणची गाडी यायची वेळ झाली तशी मी चपला घातल्या आणि स्टँडवर जाऊन उभी राहिले.

गाडी आली. ताईआत्या उतरली, लुगड्याचा काठ भिजलेला, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. मला बघून ती थांबली.

"तू कशाला आलीस?"

"डबा जड असतो," मी म्हणाले आणि एका बाजूने कडी धरली.